प्रॉडिजीच्या आजाराबद्दल पण लिहा की

मॉब डीप या अमेरिकन रॅप जोडीतला रॅपर प्रॉडिजी गेला तेव्हा फॅन लोकांनी जिकडेतिकडे 'शूक वन्स पार्ट टू' लावलं, तुमच्या त्याच्यावरच्या लेखातही त्याच गाण्याचं आणि न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज वस्तीचं कौतुक केलंय, बरोबरच आहे, त्यांचा १९९५ चा अल्बम 'द इन्फेमस' आजही लावला की अंगावर काटा येतो. पण त्याला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता हे एका ओळीत उरकलंत ते खटकलं. अहो २०१७ च्या जूनमध्ये लास वेगासला शो केला आणि ह्याच त्रासाने हॉस्पिटलात ॲडमिट व्हावं लागलं, तिथेच गेला बिचारा, वय फक्त ४२! आमच्या गडचिरोलीकडे हा आजार लोकांना चांगलाच माहितीये. माझ्या मावसभावाचे सांधे धरले की तो रात्रभर उशी दातात धरून पडलेला असतो, थंडी वाढली किंवा पाणी कमी प्यायलं की झालंच सुरू. म्हणून सांगतो, प्रॉडिजीचं २००० सालचं 'यू कॅन नेव्हर फील माय पेन' ऐकाच, कसली आरडाओरड नाही, आवाज चढवत नाही, लहानपणापासून काय भोगलं ते सरळ सांगून टाकतो. माझ्यासाठी तरी त्याचं सगळ्यात भारी गाणं तेच. त्यावर एकदा सविस्तर लिहा ना प्लीज.