‘ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के’: एक खुलासा

‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० आणि स्वतः केलेलं ९०, म्हणून इंजिनिअरिंगची लेक्चर्स बंद करा’ असा मेसेज त्रिकोणाच्या चित्रासह फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, चूक माझीच.

हे चित्र एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांच्या नावावर खपवलं जातं. त्यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू (प्रत्यक्ष कृतीपासून नुसत्या शब्दांपर्यंत शिकण्याच्या अनुभवांची चढती मांडणी) मांडला खरा, पण त्यात टक्केवारी नव्हतीच. आकडे मागाहून चिकटवलेले आहेत. (इतके गोल आकडे बघूनच शंका यायला हवी होती.)

भक्कम पुरावा वेगळाच आहे. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के नापास, विद्यार्थ्यांना वर्गातच कामाला लावलं तिथे २१.८ टक्के. यात अधूनमधून गटात गणितं सोडवून घेणारे वर्गही होते. म्हणजे बीमचं (आधारांवर टेकलेल्या तुळईचं) गणित फळ्यावर सोडवण्याआधी दोन मिनिटं थांबायचं, प्रत्येकाला फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढायला लावायचा आणि शेजाऱ्याशी ताडून बघायला सांगायचं. आधाराची प्रतिक्रिया (आधार तुळईवर लावतो ते बल) कोण विसरलं, ते तिथेच कळतं.

तेव्हा ते त्रिकोणाचं चित्र कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवलं असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.