नऊ प्रयोगांचं नाटक आणि साठ वर्षांचं भांडण

परवा मैत्रिणीशी पुन्हा त्याच नाटकावरून वाजलं. ती पुण्यात दहा वर्षं प्रायोगिक नाटकांचं बॅकस्टेज सांभाळून मग इकडे न्यू जर्सीत आली. प्रवेश कुठे सैल पडतोय हे तिला माझ्या आधी कळतं. मी गाण्यांच्या वाटेने नाटकाकडे आलेली. दोघींचा जीव एकाच नाटकावर, आणि त्याच्याबद्दलची मतं मात्र एकमेकींच्या विरुद्ध.

नाटक आहे ‘एनीवन कॅन व्हिसल’, एक अमेरिकी म्युझिकल, म्हणजे संगीत नाटक. शिटी काय, कुणालाही वाजवता येते! संगीत आणि पदं स्टीफन सोंडहाइमची, संहिता आणि दिग्दर्शन आर्थर लॉरेन्ट्सचं. 4 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या नाट्यनगरीत, ब्रॉडवेच्या मॅजेस्टिक थिएटरात उघडलं आणि 11 एप्रिलला बंद पडलं. नऊ प्रयोग. त्याच मॅजेस्टिकमध्ये पुढे ‘फँटम ऑफ द ऑपेरा’चे 13,981 प्रयोग झाले. मी तिथून जाते तेव्हा मला फँटम आठवत नाही, ते नऊ प्रयोग आठवतात.

ज्यांनी ऐकलंही नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. एक दिवाळखोर गाव. गावाची महापौर कोरा हूवर हूपर, श्रीमंत, आणि गावाला नकोशी. गावात पैसा यावा म्हणून तिची माणसं एक चमत्कार रचतात: खडकातून पाणी फुटतं. आत पंप बसवलेला असतो. लोक यात्रेला येतात, तिकीट काढून पाणी पितात, बरे होतात. गावाबाहेर एक मनोरुग्णालय आहे. समाजाच्या दबावाखाली मोडलेल्या माणसांचं. लोक त्याला म्हणतात ‘कुकी जार’, आणि आतल्या एकोणपन्नास जणांना ‘कुकीज’. तिथली नर्स फे ॲपल या एकोणपन्नास जणांना घेऊन पाण्यापाशी येते. ते पाणी पिऊन बरे झाले नाहीत तर सोंग उघडं पडणार, म्हणून त्यांना अडवलं जातं. त्या गोंधळात ते यात्रेकरूंत मिसळून जातात आणि मग शहाणा कोण, वेडा कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. एवढ्यात हॅपगुड नावाचा माणूस येतो. सगळे त्यालाच नवा डॉक्टर समजतात आणि शहाणे आणि वेडे वेगळे करायचं काम त्याच्या गळ्यात मारतात.

इथवर सगळ्यांचं एकमत असतं: कल्पना जबरदस्त आहे. भांडण याच्या पुढे सुरू होतं.

एक गट म्हणतो, ही सोंडहाइमची न ओळखली गेलेली श्रेष्ठ कृती आहे, काळाच्या पुढची. 1964 च्या प्रेक्षकाला ‘हॅलो, डॉली!’ आणि ‘फनी गर्ल’ हवं होतं, ते त्याच वर्षी त्याला मिळालं, आणि हे बिचारं मधे चिरडलं. दुसरा गट म्हणतो, नाटक मुळात वाईट होतं, पडायला हवं होतं, पडलं. गाणी अप्रतिम आहेत, तेवढी ऐका आणि संहिता कपाटात ठेवा. माझी मैत्रीण या दुसऱ्या गटातली. तिचं वाक्य ठरलेलं: “अगं, रेकॉर्ड लाव, डोळे मिट, त्याहून चांगला प्रयोग तुला कुणीही दाखवणार नाही.”

ही रेकॉर्ड कशी झाली ते पाहिलं की भांडण समजतं. नाटक बंद पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कोलंबिया रेकॉर्ड्सच्या गॉडर्ड लीबरसनने सगळ्या मंडळींना स्टुडिओत बोलावलं आणि गाणी मुद्रित केली. नऊ प्रयोगांत पडलेल्या नाटकाची रेकॉर्ड काढायची गरज कंपनीला नव्हती. त्याने काढली. मॅजेस्टिकमध्ये सोळाशेहून थोड्या जास्त खुर्च्या. नऊच्या नऊ प्रयोग हाउसफुल्ल गेले असते, तरी पाहणारे पंधरा हजारांच्या आतबाहेर. म्हणजे या नाटकाचे जे चाहते आहेत, त्यांतल्या जवळजवळ कुणीच ते पाहिलेलं नाही. सगळे रेकॉर्डवरून आले. प्रत्येकाने गाणी ऐकत मनातल्या मनात नाटक बसवलं, स्वतःच्या नेपथ्यासह. मग दोघे बोलायला बसतात तेव्हा ते दोन वेगवेगळ्या नाटकांबद्दल बोलत असतात. मी स्वतः एका सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या सीडीवर पहिल्यांदा हे ऐकलं. माझ्या मनातली कोरा बारीक आवाजाची, घाबरट होती. मैत्रिणीची कोरा म्हणजे गावच्या निवडणुकीतली बाई, पदर खोचून उभी.

माझं म्हणणं दोन्ही गटांना मान्य नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे. नाटकात दोष आहे, मोठा आहे, आणि तो काळाचा नाही. तरीही गाणी त्या सदोष नाटकातून उपटून काढता येत नाहीत. पूर्ण, तीन अंकी, न कापता करायला हवं.

आधी गाण्यांचं. सोंडहाइमने इथे एक गोष्ट केली, जी त्याने पुढे ‘फॉलीज’मध्ये फार मोठ्या प्रमाणावर केली. खोटं बोलणारी माणसं इथे शो-बिझनेसच्या चकचकीत भाषेत गातात. कोरा गाते तेव्हा मागे नाचणारी चार पोरं असतात, ठेका नाइटक्लबचा, सगळं पॉलिश केलेलं. तिचे सहकारी तिला धीर देतात तोही अशाच नाचऱ्या ठेक्यावर. फे स्वतःबद्दल बोलते तेव्हा ती झिलई गळून पडते. शीर्षकगीतात तर काहीच सजावट नाही. अवघड म्हणतात ती सगळी कामं तिला जमतात, सोपं काही जमत नाही, शिटी वाजवणं जमत नाही, एवढंच ती सांगते. हीच फे लूर्दहून, म्हणजे चमत्काराच्या पाण्यासाठी प्रसिद्ध फ्रेंच तीर्थक्षेत्राहून, आलेल्या बाईचं सोंग घेते, लाल केसांचा टोप चढवते, तेव्हा तिला प्रेम करता येतं, हसता येतं. टोप काढला की पुन्हा कुलूप.

रेकॉर्डवर तुम्हाला हे दोन आवाज ऐकू येतात. पण ‘अ परेड इन टाउन’ घ्या. गाव मिरवणूक काढतंय, ती हॅपगुडची. कोरा बाजूला उभी राहून बघते आहे आणि तिच्या त्या चकचकीत चालीला पहिल्यांदा तडा जातो. खोटं बोलणाऱ्या बाईच्या तोंडून खरं निसटतं. नुसतं ऐकलं तर ते एक छान, उदास गाणं आहे. पण आधीचा अंकभर तिची लबाडी, तिचे डावपेच, तिच्या भोवतीची ती चार पोरं बघून मग ते ऐकलं, तर तुम्हाला तिच्याबद्दल वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं याचा रागही येतो. हा राग संहितेने दिलेला आहे. चालीत तो नाही. मार्च 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलला मास्टरव्हॉइसेस या गायकवृंदाने या नाटकाची मैफल केली, सोंडहाइम जाऊन चार महिनेही झाले नव्हते. व्हेनेसा विल्यम्स कोरा होती. संवाद कमी केलेले, मधला धागा निवेदनातून जोडलेला. तरीही त्या गाण्यापर्यंत येताना माझ्या मनातली ती बारीक आवाजाची कोरा कायमची पुसली गेली. डोळे मिटून हे होत नाही.

आता दोष. पहिल्या अंकाच्या शेवटी ‘सिंपल’ नावाचा जवळजवळ तेरा मिनिटांचा प्रवेश आहे. बोलणं, गाणं, उलटतपासणी, सगळं एकात एक विणलेलं. हॅपगुड एकेकाला प्रश्न विचारतो, त्याच्याच उत्तरातून त्याला उलटा पाडतो आणि दोन गटांत ढकलतो. एका गटाचं नाव ‘ए’, दुसऱ्याचं ‘वन’. दोन्ही पहिलेच! गाव ओरडत राहतं, वेडे कुठले ते सांग. तो सांगत नाही. वेग वाढत जातो, आणि शेवटी तो प्रेक्षकांकडे वळून म्हणतो की तुम्ही सगळे वेडे आहात. दिवे बदलतात आणि दिसतं काय, तर रंगमंचावर नटमंडळी थिएटरच्या खुर्च्यांत बसून आपल्याकडे बघून हसताहेत, टाळ्या वाजवताहेत.

संगीत रंगभूमीवर यापेक्षा धाडसी अंकसमाप्ती मला माहीत नाही. पण ती तुच्छतेची आहे. प्रेक्षक तेरा मिनिटं जीव मुठीत धरून हॅपगुडच्या बाजूने बसलेला असतो आणि त्याच्या तोंडावर दार आपटलं जातं. मग मध्यंतर. मग अजून दोन अंक. म्युझिकल दोन अंकी असण्याच्या काळात हे तीन अंकी होतं. ज्याला वेडा म्हटलं त्याला दोनदा परत आणून बसवायचं होतं. बाकी गावाबद्दलही लॉरेन्ट्सची नजर अशीच आहे. यात्रेकरू मूर्ख, अधिकारी मूर्ख, डॉक्टर मूर्ख. ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘जिप्सी’ची संहिता याच माणसाने लिहिली होती. तिथे दिग्दर्शन जेरोम रॉबिन्सचं होतं. इथे लेखकच दिग्दर्शक, मग तालमीत त्याला थांबवणार कोण? म्हणून ‘काळाच्या पुढचं’ हा शब्द मला चालत नाही. त्या शब्दाने सगळा दोष प्रेक्षकावर जातो आणि लेखक सुटतो.

याच्या उलट तिसऱ्या अंकाकडे कुणी नीट बघत नाही. राज्याकडून हुकूम येतो की एकोणपन्नास वेडे पुन्हा आत गेले पाहिजेत, नाहीतर कोराची खुर्ची जाणार. मूळ कोण ते कुणालाच माहीत नाही, कारण फेने कागदपत्रं फाडून टाकलेली. मग कोरा दिसेल त्याला पकडायला लावते. कोणीही चालेल, आकडा भरला पाहिजे. आणि ही धरपकड चालते वॉल्ट्झवर, हर्बर्ट रॉसने बसवलेल्या नाचात. नाटकाला टोनी या ब्रॉडवेच्या मोठ्या पुरस्काराचं एकच नामांकन मिळालं, ते रॉसच्या नृत्यरचनेला. इथे लॉरेन्ट्स कुणाला हसत नाही. इथे भीती वाटते. ‘संहिता कपाटात ठेवा’ म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे की हा प्रवेश तुम्ही कुठे ठेवणार?

आणखी एक वाद ‘देअर वोन्ट बी ट्रम्पेट्स’चा. फेचं हे गाणं ब्रॉडवेवर उघडण्याआधीच काढलं गेलं. कारण असं सांगतात की त्याच्या आधीच्या स्वगतालाच फे झालेली ली रेमिक इतकी टाळी घ्यायची की गाणं नंतर फिकं पडायचं. ते मुद्रित झालं होतं, नंतरच्या सीडीवर आलं, आणि आज सगळे ते नाटकातलंच समजतात. ते परत घालावं याबद्दल मात्र मैत्रिणीचं आणि माझं एकमत आहे. स्वगत ठेवा, टाळी येऊ द्या, मग गाणं होऊ द्या.

कोरा झालेल्या अँजेला लॅन्सबरीचं हे पहिलं ब्रॉडवे म्युझिकल होतं. दोन वर्षांनी ती ‘मेम’ या म्युझिकलची नायिका झाली. हे नऊ प्रयोग झाले नसते तर ‘मेम’ तिच्याकडे कशी आली असती, यावरही आम्ही भांडलो आहोत. ते पुन्हा कधीतरी.

परवाच्या भांडणात मी तिला शेवटच्या प्रवेशाबद्दल विचारलं. फे एकटी राहिली आहे, हॅपगुड निघून गेलाय, आणि ती शिटी वाजवायचा प्रयत्न करते. वाजते. कर्कश, बेसूर. तो परत येतो. आणि खडकातून, या वेळी पंपाशिवाय, पाणी फुटतं. सोंडहाइमसारख्या माणसाच्या संगीत नाटकाचा कळस एका बेसूर आवाजावर, गाण्यावर नाही! “हे तुझ्या रेकॉर्डवर आहे का?” मी विचारलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ते पाणी रंगमंचावर आणायचं कसं, हे मला आता सुचतंय.” आणि तिने माझ्याच वहीचं पान फाडून त्यावर खडक काढायला घेतला.