आमच्या डंपराला असं नसायचं

वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन मेहुण्याने एका रिसॉर्टकडून जुनं घेतलं. लॉन त्याचं, मशीन त्याचं, कंबरडं माझं. तुळशीचं लग्न झालं की इथे गोव्यात, सांखळीत लग्नांची बुकिंगं सुरू होतात, आणि नेमकं तेव्हाच पाती फिरवली की खालून किंचाळी यायला लागली.

पाती बंद केली की इंजिन शांतपणे चालतं. म्हणजे खोट खालच्या डेकमध्ये, पाती झाकणाऱ्या पत्र्याच्या खोक्यात. गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण कुंपणापलीकडे काका होते.

काका खाणीवर फोरमन होते. 2012 साली खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, 2018 साली कोर्टाच्या निकालाने परत थांबल्या. कुणाचे ट्रक अंगणात गंजले, हप्ते मात्र चालूच राहिले. वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण त्याची भरपाई माझ्याच डोक्यावर बसून का?

"कितें रे? इंजिन गेलं?"

"नाही काका, पाती थांबवली की आवाज थांबतो."

"मग गियर गेला."

"पाती पट्ट्यावर फिरतात."

"आमच्या डंपराला असं नसायचं."

मी प्लगची वायर काढली, पट्टा उतरवला, एकेक पुली हाताने फिरवून पाहिली. डावीकडची खरखरली, पातं धरून हलवलं तर डुगडुगलं. बेअरिंग गेलेलं. तोवर काका कुंपण ओलांडून आत. स्क्रूड्रायव्हरचं टोक डेकवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले.

"आवाज येत नाही."

"मशीन बंद आहे, काका."

"म्हणूनच येत नसेल," ते गंभीरपणे म्हणाले, आणि दुसऱ्या कानाने ऐकू लागले.

बेअरिंगवर 6203 कोरलेलं: आतलं भोक 17 मिलिमीटर, बाहेरून 40, जाडी 12. दुकानदाराने "कुठल्या गाडीचं?" विचारलं, मी सांगितलं, तो हसला. हसू दे. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं मिळालं, कारण डेकखाली लाल चिखल आणि कुजलेलं गवत बोटभर थापलेलं होतं.

बसवताना काका ओरडले, "मधोमध मार!" मधोमध मारलं तर धक्का गोळ्यांवर जातो आणि नवं बेअरिंग जन्मतःच मरतं. हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या खाचेत, बसवताना बाहेरच्या कड्यावरच ठोकायचं. मी तसंच ठोकलं. पाती धार लावून खिळ्यावर टांगली, कुठली बाजू जड ते पाहिलं, तिथली थोडी घासली. काका नुसते मान हलवत होते, नापसंतीने.

आवाज गेला.

काल चहाच्या दुकानात कळलं, काकांनी नुसत्या कानाने दोष ओळखला. "तू पाना धरला होतास ना?" दुकानदाराने कौतुकाने विचारलं. रात्री मेहुण्याचा फोन. काकांना काजू फेणीची बाटली पोचली का, ते विचारायला. ठेवता ठेवता मला म्हणाला, "पेट्रोल जरा जपून वापर हं."