अश्रूंचा पुरावा : एका फिरत्या संदेशाला उत्तर

यंदा हरिनाम सप्ताहात, काल्याच्या दिवशी, गावच्या ग्रुपवर एक संदेश आला आणि रात्रीपर्यंत तालुक्यातल्या निम्म्या गावांत फिरला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : हिंदू धर्म भावाचा, ख्रिस्ती धर्म कोरड्या नियमांचा, भक्ती हा रस (कलेतून मनाला येणारा आस्वाद) ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरतमुनींनीच सांगितला, कीर्तनात डोळे वाहतात हा देव भेटल्याचा पुरावा, आणि चर्चमध्ये अभंग गातात ती आपल्या भावाची चोरी. अमरावती जिल्ह्यातल्या कीर्तनांत आयुष्यभर टाळ धरल्यामुळे मला यावर गप्प बसवत नाही.

भरतमुनींच्या नावावर घातलेले विधान सरळ चुकीचे आहे. नाट्यशास्त्राच्या मूळ मांडणीत रस आठ आहेत. त्यांत भक्ती नाही आणि शांतही नाही. शांत रसाचा भक्कम कैवार पुढे काश्मीरच्या अभिनवगुप्त या पंडिताने घेतला, तर काव्यशास्त्रकार मम्मटाने देवाविषयीची रती, म्हणजे प्रेम, हा केवळ ‘भाव’, रस नव्हे, असे स्पष्ट म्हटले. भक्तीला रसाच्या पंगतीत बसवण्याचा एक मोठा प्रयत्न १३व्या शतकात यादवांच्या छायेत झाला, यादवांचा मंत्री हेमाद्री याचा आश्रित बोपदेव याच्या ‘मुक्ताफल’ ग्रंथात. अभिमानच मिरवायचा होता, तर संदेशकर्त्याने निदान हे घरचे नाव तरी घ्यायचे होते.

अश्रूंचा मुद्दा मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. रुक्मिणी आमच्या कौंडिण्यपूरची लेक. तिने कृष्णाला धाडलेल्या पत्राचे आख्यान लागले, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावतात. पेटीवाल्याने सूर चढवला त्या ओळीला मंडप रडला, आणि चार दिवसांनी दुसऱ्या गावी, त्याच ओळीला, त्याच सुराला, दुसरा मंडप रडला. त्या बायांचा गहिवर खोटा होता असे मी म्हणणार नाही, पण त्यात पेटीचा वाटा किती आणि पांडुरंगाचा किती, हे नुसत्या पाण्यावरून कसे ठरवावे? अश्रू, रोमांच, कंप हे ज्यांत येतात ते अष्टसात्त्विक भाव, म्हणजे मनातली भावना अंगावर उमटवणाऱ्या आठ खुणा, नाट्यशास्त्रात नटाने रंगमंचावर दाखवायचे भाव आहेत. भक्तिरसाचा सर्वांत सूक्ष्म विचार करणारे रूप गोस्वामी १५४१ सालच्या ‘भक्तिरसामृतसिंधु’त सात्त्विक भावांचे नुसते आभासही वेगळे काढून दाखवतात, मन भिजलेले नसताना निव्वळ सवयीने येणारे अश्रू त्यांच्या नजरेतून सुटलेले नाहीत.

गंमत अशी, की अगदी हीच चिकित्सा अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्स या धर्मोपदेशकाने १७४६ साली केली. खरा धर्म मोठ्या अंशी पवित्र भावनांतच असतो, असे म्हणणारा हा माणूस लगेच बजावतो, की शरीर थरथरले वा भावना उचंबळून आली एवढ्यावरून ती ईश्वराकडून आली असे ठरत नाही, आणि आली नाही असेही ठरत नाही. त्याच्या आधी सुमारे साडेतेराशे वर्षे ख्रिस्ती संत ऑगस्टीनने कबूल केले होते, की मिलानच्या चर्चमधली स्तोत्रे ऐकून आपण रडलो, पण गायिलेल्या अर्थापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हललो तर ते पाप वाटते. चाल गोड लागली म्हणून अभंगाचा अर्थ हातून निसटला, हा अनुभव कोणत्या टाळकऱ्याला नाही?

यानंतर ‘कोरडा धर्म’ या शब्दांत फारसे काही उरत नाही. लाजरच्या कबरीकडे जाताना येशू रडला, हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. १२व्या शतकातल्या बर्नार्ड या ख्रिस्ती संताने आत्मा वधू आणि ख्रिस्त वर अशी कल्पना धरून प्रवचनांमागून प्रवचने केली. स्वतःला कृष्णाची पत्नी मानणाऱ्या गुलाबराव महाराजांच्या जिल्ह्यात तरी ही भाषा परकी वाटू नये.

राहिला चोरीचा आरोप. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण भाषा बदलली नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी माणसाने स्वतःच्याच भाषेत अभंग रचला तर चोरी कोणाची झाली? गुड फ्रायडेला तालुक्याच्या चर्चमध्ये गाण्याला जी ढोलकी वाजते, तिची पुडी चढवून देणारा कारागीर आमच्या सप्ताहाचा पखवाजही दरवर्षी दुरुस्त करून देतो.