शेवटचा पगार अडवता येतो म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

ले-ऑफ सुरू झाले की अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर तोच मेसेज परत फिरतो. "दोन आठवड्यांची नोटीस नाही दिली तर कंपनी शेवटचा पगार रोखू शकते, हिशोबाला 30 दिवस मिळतात, रजेचे पैसे विसरा, लॅपटॉप दिल्याशिवाय चेक नाही, आणि एच-वन-बी वाल्याने तक्रार केली की व्हिसा गेला." गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत कामावरून काढलं, त्याने हाच मेसेज पाठवून विचारलं, मावशी खरंय का हे? नाही रे बाबा. आणि असलं वाचून पोरं स्वतःच्या कष्टाचे पैसे सोडून देतात, मला ते बघवत नाही म्हणून लिहितेय.

आधी ते 30 दिवस. मुळात सगळ्या अमेरिकेला एक नियम नाहीच, शेवटचा पगार लगेच द्या असं केंद्राचा कायदा सांगत नाही, ते राज्यावर सोडलंय. कॅलिफोर्नियात काढलं तर त्याच दिवशी पैसे. स्वतः सोडलीत, 72 तास आधी सांगून, तर शेवटच्या दिवशी, न सांगता सोडलीत तर 72 तासांत. टेक्ससमध्ये काढलं तर 6 दिवसांत, सोडली तर पुढच्या पगाराच्या तारखेला. न्यूयॉर्कला दोन्ही वेळेला पुढची पगाराची तारीख. मॅसॅच्युसेट्समध्ये काढलं तर त्याच दिवशी, आणि उशीर केला तर तिप्पट भरावे लागतात, तिथल्या सर्वोच्च कोर्टाने 2022 मध्ये तसं स्पष्टच सांगितलंय.

मला वाटतं 30 चा आकडा कॅलिफोर्नियाच्या दंडावरून आला असावा आणि कोणीतरी तो उलटा वाचला. ती कंपनीला दिलेली सवलत नाही, मुद्दाम उशीर केला तर दर दिवसाला एका दिवसाचा पगार दंड, जास्तीत जास्त 30 दिवस, शनिवार-रविवार धरून. म्हणजे तासाला 50 डॉलर, 8 तासांचे 400, दहा दिवस लावले तर 4,000 आणि पूर्ण महिना लावला तर 12,000, आणि हे मूळ पगाराच्या वर.

नोटीस आणि लॅपटॉप. नोटीस दिली नाही म्हणून केलेल्या कामाचे पैसे बुडत नाहीत. आपल्या डोक्यात पुण्यातला नोटीस पिरियड आणि महिनोन्महिने लटकणारं फुल अँड फायनल बसलंय ना, म्हणून हे पटकन पटतं. लॅपटॉप परत करायचाच, पण कॅलिफोर्नियात त्याच्यासाठी चेक अडवता येत नाही.

रजेचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात साठलेली व्हेकेशन हा पगारच धरतात, शेवटच्या दराने द्यावी लागते. टेक्ससमध्ये मात्र कंपनीच्या पॉलिसीत काय लिहिलंय त्यावर. सिक लीव्हचे पैसे सहसा मिळत नाहीत, तेवढं मेसेजवाल्याचं खरं.

भाच्याचे कागद आम्ही किचन टेबलवर पसरले. एकावर कामाच्या तासांचा आणि रजेचा हिशोब, दुसरा सेव्हरन्सचा, म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनी पगाराच्या वर जे पैसे देऊ करते त्याचा करार, आणि एचआरची मेल की सही करून पाठव मग सगळंच प्रोसेस होईल. इथेच लोक फसतात! सेव्हरन्सला सहीची अट घालता येते, कमावलेल्या पगाराला नाही.

व्हिसाचं तर सगळ्यात वाईट, कारण भीती तिथेच असते. कॅलिफोर्नियात लेबर कमिशनरकडे क्लेम करायला फी नाही, इमिग्रेशन स्टेटस विचारत नाहीत, तीन वर्षांपर्यंत मागता येतं. टेक्ससमध्ये मात्र 180 दिवसच, तिथल्यांनी थांबू नका. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जे जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, ते नोकरी गेल्यापासून मोजतात, तक्रारीने ते कमी होत नाहीत.

भाच्याने सही न करता दोन ओळींची मेल टाकली की पगार आणि रजेचे पैसे सेव्हरन्सपासून वेगळे आजच द्या. काढल्यापासून चौथ्या दिवशी खात्यात जमा झाले. आता त्या चार दिवसांचा दंड मागायला तो कचरतोय, मी म्हणते माग.