आनुवंशिकतेचा आकडा सीमेपलीकडे चालत नाही

मायदेशी मुलांच्या स्वभावाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: 'रक्तातच आहे' आणि 'संस्कार कमी पडले'. परदेशात हाच वाद निराळ्या वेशात भेटतो. नळीत थुंकी भरायची, जनुकीय चाचणी करणाऱ्या कंपनीला पोस्टाने पाठवायची आणि काही आठवड्यांनी स्वभावाचे, अभ्यासातल्या गतीचे आकडे वाचायचे. इकडे स्थिरावलेल्या पालकांच्या बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते. मूल हुशार निघालं तर आपली जनुकं, हट्टी निघालं तर इथलं वातावरण. 'आनुवंशिकता इतके टक्के' हा आकडा नेमका कशाचा, हे मात्र दोन्हीकडे कुणी विचारत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

तो काढतात कसा, ते आधी पाहू. एकबीज जुळ्यांची, म्हणजे एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मलेल्यांची, जनुकं जवळजवळ पूर्ण सारखी असतात. दोन वेगळ्या बीजांतून जन्मलेल्या द्विबीज जुळ्यांमध्ये, इतर सख्ख्या भावंडांप्रमाणेच, माणसागणिक बदलणाऱ्या जनुकीय भागापैकी सरासरी निम्मा सारखा असतो. दोन्ही प्रकारच्या पुष्कळ जोड्यांना एकच प्रश्नावली द्यायची. समजा, बहिर्मुखतेच्या गुणांत एकबीज जोड्यांचा सहसंबंध (जोडीतले दोघे किती सारखे, याचं माप; १ म्हणजे पूर्ण सारखे) ०.४८ आला आणि द्विबीज जोड्यांचा ०.२५. फरक ०.२३. तो निम्म्याच जनुकीय साम्यामुळे पडलेला, म्हणून त्याची दुप्पट ०.४६, म्हणजे आनुवंशिकता ४६ टक्के. एका घरात वाढल्याने येणारं साम्य हवं असेल तर ०.२५ ची दुप्पट करून त्यातून ०.४८ वजा करायचे. उरतात ०.०२. एकबीज जुळीही जिथे एकमेकांसारखी निघत नाहीत, तो भाग १ वजा ०.४८, म्हणजे ०.५२. यात प्रत्येकाचे वेगळे अनुभव, निव्वळ योगायोग आणि प्रश्नावलीतल्या मोजमापाच्या चुका असं सगळं एकत्र पडलेलं असतं. त्याला सरसकट 'परिस्थितीचा परिणाम' म्हणणं ही पहिली चूक.

हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण स्वभावाच्या अभ्यासांत चित्र साधारण असंच येतं. २०१५ मध्ये पन्नास वर्षांतले जुळ्यांचे अभ्यास एकत्र मांडले गेले: १७,८०४ गुणलक्षणं, दीड कोटीच्या जवळपास जोड्या (त्यांतल्या कित्येक एकाहून अधिक वेळा मोजलेल्या). सरासरी आनुवंशिकता निघाली ४९ टक्के. यावरून 'माझा निम्मा स्वभाव आईवडिलांच्या जनुकांचा' असं वाचणं ही दुसरी चूक, आणि ती फार खोलवर रुजली आहे. ४९ टक्के हा माणसामाणसांतल्या फरकाचा वाटा आहे, तोही ज्या समाजात, ज्या काळात मोजला तिथला. एकट्या माणसाची अशी वाटणी होतच नाही.

स्वीडनमधल्या जुळ्यांचं तंबाखूचं व्यसन पाहा. पुरुषांत आनुवंशिकता पिढ्यान्‌पिढ्या ६० टक्क्यांच्या आसपास राहिली. १९२५ पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांत ती जवळजवळ दिसतच नव्हती, आणि १९४० नंतर जन्मलेल्या स्त्रियांत मात्र पुरुषांइतकी झाली. एवढ्या थोड्या काळात जनुकं बदलत नाहीत. स्त्रीने धूम्रपान करणं समाजाला खपत नव्हतं तोवर जनुकीय कल असून नसल्यासारखा होता, बंधन सैल झालं तसा तो वर आला. बंधनांच्या समाजातून मोकळ्या समाजात गेलेल्या कुटुंबाने हे नीट लक्षात घ्यावं. आपल्यासोबत जनुकं येतात, आनुवंशिकतेचा आकडा मागेच राहतो. मुलगी इकडे 'बदलली' असं वाटतं तेव्हा, आधी वाव न मिळालेला तिचाच कल वर आलेला असणं अगदी शक्य आहे.

आता थुंकीच्या नळीकडे. एखाद्या जनुकाने स्वभाव ठरतो ही कल्पना मागे पडली आहे. नैराश्याशी वर्षानुवर्षं जोडली गेलेली १८ जनुकं २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर तपासली, तेव्हा कोणत्याही इतर जनुकांहून सरस ठरली नाहीत. आज मिळतो तो हजारो बारीक परिणामांची बेरीज करून काढलेला गुणांक. शिक्षणाच्या वर्षांसाठी २०२२ मध्ये ३० लाख लोकांवरून काढलेला गुणांक माणसामाणसांतल्या फरकापैकी १२ ते १६ टक्के उलगडतो. सख्ख्या भावंडांची आपसांत तुलना केली की त्याचा जोर बराच ओसरतो. का, ते आइसलँडमधल्या २०१८ च्या अभ्यासातून कळतं: पालकांची जी जनुकं मुलात उतरलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसला. म्हणजे 'जनुकीय' म्हणून विकल्या जाणाऱ्या गुणांकात घरही मिसळलेलं असतं. त्यात २०१९ पर्यंतच्या अशा अभ्यासांतले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. उंची, रक्तघटक यांसारख्या १७ लक्षणांवर पाहिलं तर दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत अंदाजाची अचूकता सरासरी ३७ टक्क्यांनी घसरली. उंचीसारख्या सरळ मोजता येणाऱ्या लक्षणाची ही गत असेल तर मुलाच्या स्वभावाचा किंवा बुद्धीचा असा अहवाल मागवूच नये, असं मी ठामपणे म्हणेन.

मायदेशातल्या 'संस्कार' पक्षाला घराच्या वाट्याचे मघाचे ०.०२ झोंबतात. त्यांचा अर्थ एवढाच, की सर्वसाधारण, मायेच्या घरांमध्ये जे फरक असतात त्यांनी भावंडं स्वभावाने फारशी सारखी होत नाहीत. घर गेलं तर काय होतं, हे रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांच्या अभ्यासात दिसलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं सांभाळ करणाऱ्या कुटुंबांकडे सोपवली गेली, आणि वयाच्या दोन वर्षांआधी गेलेली मुलं जिव्हाळ्याच्या नात्यात आणि बुद्धीच्या चाचण्यांत उशिरा गेलेल्यांपेक्षा सावरली. शिवाय सगळ्याच गोष्टी स्वभावासारख्या नसतात. मूल कोणती भाषा बोलतं, हे पूर्णपणे भोवतालावर आहे. घरात मराठी टिकली नाही तर त्याचं खापर जनुकांवर फोडता येत नाही.

पण स्थलांतरितांनी सगळ्यात जास्त मनावर घ्यावा तो विषय स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचा. या आजाराची आनुवंशिकता ८० टक्क्यांच्या आसपास मानतात. तरीही २००५ च्या एकत्रित विश्लेषणात स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीत धोका सरासरी २.७ पट दिसला, आणि दुसऱ्या पिढीत तो ओसरला नाही, वाढलेलाच दिसला. मुळात नाजूक मनाची माणसंच देश सोडतात, असं म्हणावं तर दुसऱ्या पिढीने देश सोडलेलाच नसतो. सगळ्या गटांत धोका सारखा नाही, आणि आजार मुळात शंभरात एखाद्याला होणारा. पण परकेपणा, भेदभाव आणि आपल्यासारखी माणसं आसपास नसणं यांकडे संशोधकांचं बोट आहे.

इथे 'आमच्या घराण्यात असलं काही नाही' हे वाक्य घातक ठरतं. विशीच्या आसपासचं मूल मित्रांपासून तुटू लागलं, झोप उलटी झाली, अभ्यास अचानक घसरला, कुणी पाळत ठेवतंय असं म्हणू लागलं, तर वाट पाहू नये. उपचाराविना जितका काळ जातो तितकं सावरणं अवघड होतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तीन गोष्टी सांगाव्यात: दोन्हीकडच्या नात्यांत कुणाला मानसिक आजार होता का, मूल गांजा ओढतं का, आणि बदल कोणत्या महिन्यापासून दिसतोय. मायदेशी फोन करून पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळवावं लागतं. आजी, मावशी, काका यांच्यापैकी कुणाला तरी ते ठाऊक असतं.