खुलासा: ऑरेंज ऑर्डर म्हणजे फ्रीमेसनांची शाखा नव्हे

‘उत्तर आयर्लंडची ऑरेंज ऑर्डर ही फ्रीमेसनांचीच शाखा, कुणालाही सदस्य होता येतं’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. (फ्रीमेसन म्हणजे दीक्षा घेऊन सदस्य होणाऱ्यांची जुनी बंधुत्व-संघटना.)

१७९५ साली आर्मा परगण्यात डायमंड या ठिकाणी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक ख्रिश्चनांत झालेल्या चकमकीनंतर ही प्रोटेस्टंटांची संघटना उभी राहिली. ‘लॉज’ची (स्थानिक शाखांची) रचना आणि दीक्षाविधी फ्रीमेसनांच्या धर्तीवरचे आहेत, गोंधळ तिथूनच होतो. पण फ्रीमेसनांना परमेश्वरावर श्रद्धा पुरते. मुंबईच्या ‘रायझिंग स्टार’ लॉजमध्ये १८४३ पासून पारशी होते. ऑरेंज ऑर्डरमध्ये प्रोटेस्टंट असणं ही मूळ अट आहे. कॅथलिक उपासनेला हजर राहू नये, रोमच्या शिकवणुकीला विरोध करावा, असं तिचे नियम सांगतात. कॅथलिकांशी लग्न केलेल्यांनाही मज्जाव असे. तेच नियम कॅथलिक शेजाऱ्यांबद्दल कटू शब्द काढू नयेत असंही बजावतात. टीकाकार आणि समर्थक, दोघांनीही हे पूर्ण वाचावं.

१२ जुलैच्या मिरवणुकीत गळ्यातल्या नारिंगी पट्ट्यावर लॉजचा क्रमांक असतो. ती १६९० च्या बॉइनच्या लढाईतल्या प्रोटेस्टंट राजा विल्यम ऑफ ऑरेंजच्या विजयाची आठवण.

‘फक्त गोऱ्यांची संघटना’ हेही खोटं. घाना आणि टोगोमध्ये तिचे लॉज आहेत.